जितूच्या चार रोट्या

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या खानावळीचा कर्ताधर्ता नत्थू गजभिये. वय एक्कावन्न, अंगानं काटक, मिशी फौजेतली, पोट मात्र फौज सुटल्यानंतरचं. दोन बायकांना हाताशी घेऊन तो सत्तर मुलींचा स्वयंपाक उरकतो. भाजीत मीठ जास्त झालं असं अकरा वर्षांत त्याला कुणी म्हटलेलं नाही. कमी झालं म्हणणाऱ्या आहेत, पण गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पोरींना तिखटमीठ कधी पुरलंय? त्याला नत्थूनं तरी काय करावं!

माणूस सुखी. पगार वेळेवर, पेन्शन वेगळी, मुलगी नर्सिंग शिकलेली, बायको तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. सकाळी पाचला उठायचं, कणीक मळता मळता काहीतरी गुणगुणायचं आणि पोरींच्या तक्रारींना खोटंखोटं रागवायचं, असा त्याचा दिनक्रम. एकच गोष्ट त्याची जगावेगळी होती. संध्याकाळी सगळ्यात शेवटी भाजलेल्या चार रोट्या तो कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवायचा. कुणी मागितल्या तरी द्यायचा नाही. आठ वाजता ताटं बंद झाली, की मग मात्र जी उशिरा येईल तिला तो डबा पुढे करायचा आणि म्हणायचा, "आज जितू येत नाई वाटते. खा तू."

उशिरा येणारी बहुतेक नूपुरच असायची. ती शहराबाहेर मिहानमधल्या कंपनीत कामाला, आणि कंपनीची बस कधी वेळेवर सुटली तर देवाला नारळ फोडावा. तिनं वर्षभर त्या रोट्या खाल्ल्या, पण जितू कोण हे विचारायचं तिला सुचलं नाही. भुकेल्या माणसाला प्रश्न कमीच पडतात. पोरींमध्ये पैजा मात्र लागल्या होत्या. कुणी म्हणे जितू काकांचा पळून गेलेला मुलगा, कुणी म्हणे गल्लीतला कुत्रा.

विचारलं ते रोशनीनं. रोशनी मराठी एम.ए.ला होती, आमगावकडची, बोलायला लागली की समोरच्याचं पोटातलं ओठावर आणणारी. त्या दिवशी ग्रंथालयातून यायला तिला उशीर झाला, डबा तिच्या वाट्याला आला आणि पहिला घास मोडायच्या आधीच तिनं विचारलं, "काका, हा जितू कोण?"

"माझा दोस्त होता. जितेंद्र."

"होता म्हणजे?"

"म्हणजे होता. कारगिलले गेला थो. तू जेव आधी. थंडी झाली तं चामड्यावानी लागते रोटी."

एवढ्यावर थांबली तर ती रोशनी कसली! चार दिवसांत तिनं नत्थूची वहीही शोधून काढली. पिठाच्या पिंपामागं खोचलेली, तेलाच्या बोटांनी पिवळी पडलेली शाळकरी वही. नत्थूचा बाप गायन पार्टीत ढोलक वाजवायचा, रात्र-रात्र सवाल-जवाब चालायचे. त्यामुळे यमक जुळवणं हे नत्थूच्या घरात भाजी निवडण्याइतकं साधं काम होतं. तो फौजेत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. पण वहीत युद्ध होतं. रोशनी पिंपावर बसूनच वाचायला लागली.

डोंगराले दात आले,
बर्फ काळं तव्यावानी,
सूर्य भ्याला, मागं सरला,
बुटात रडलं माझ्या पानी.

जितू गेला, जितू आला,
म्हणे नत्थ्या, भूक लागली.
रोट्या वाढल्या चार मोजून,
डोंगरानं मान खाली घातली.

"काका," रोशनी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "हे तुम्ही लिहिलंय?"

"नाई तं का पिठानं लिहिलं? ठेव इकडे. तेल लागन हाताले."

या कवितेपायी नत्थूचा एकदा जाहीर पाणउतारा झाला होता, म्हणून ती पिंपामागं गेली होती. माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्यानं ती मोठ्या हौसेनं वाचली. एक निवृत्त सुभेदार साहेब उठून म्हणाले, की बर्फ पांढरं असतं, सूर्य भीत नाही, उंची किती फूट ते दिलेलं नाही आणि गेलेला जवान परत येऊन जेवला ही माहिती चुकीची आहे. तेव्हा कवितेत दुरुस्ती करावी. नत्थू आज्ञाधारक माणूस. त्यानं घरी येऊन खरंच दुरुस्ती करून पाहिली. 'पंधरा हजार फुटांवरती' असं घातलं. बर्फ पांढरं केलं. मग वाचलं तर ते किराणा सामानाच्या यादीसारखं वाटायला लागलं. त्यानं ते पान फाडून चुलीत घातलं आणि वही लपवली. हे चांगलं केलं. काही माणसांना कविता दाखवणं म्हणजे म्हशीपुढे पुंगी.

रोशनीला मात्र घबाड मिळालं होतं. तिच्या विभागात युद्धकवितेवर चर्चासत्र होणार होतं आणि तिला आयुष्यातला पहिला निबंध वाचायचा होता. विषय मिळाला होता अभिव्यक्तिवाद. ती दोन महिने परदेशी कवींची नावं घोकत होती आणि हातात काही लागत नव्हतं.

"म्हणजे बघा काका, बाहेर जग जसं दिसतं तसं लिहायचंच नाही. आत जसं वाटतं तसं लिहायचं. भीती वाटली की भिंती वाकड्या होतात, आभाळ किंचाळतं. तुमच्या डोंगराला जसे दात आले तसं! युद्ध भोगलेल्या माणसाचं वास्तव हे त्याच्या आतलं असतं, फुटांत मोजता येत नाही."

नत्थूनं लाटणं थांबवलं. "मंग त्याले एवढं मोठं नाव काहून? आमच्याकडे त्याले वाटलं थे सांगणं म्हणतात."

पण खरं सांगायचं तर तो मनातून हरखला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की बर्फ काळं असू शकतं. त्या भरात तीन संध्याकाळी तो कणीक मळत बोलत राहिला आणि रोशनीनं फोनवर सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. कुणाला कधी न सांगितलेलंही तो त्या भरात सांगून बसला.

ते असं. जितू कळमन्याचा. अख्ख्या तुकडीत 'का'ला 'काहून' म्हणणारे दोघंच, म्हणून त्यांची दोस्ती. जितूची भूक ठरलेली: चार रोट्या. तीन दिल्या तर रुसायचा, पाच दिल्या तर एक परत करायचा. त्या दिवशी दुपारी सगळे जेवले, पण जितू दारूगोळा वर चढवायला गेला होता. तो परतला तेव्हा सांज होत आली होती आणि तुकडीला निघायचा हुकूम आला होता. चार रोट्यांचा तो काय वेळ! पण रॉकेलच्या बर्नरनं नेमका दगा दिला. पिन घालून घालून नत्थूची बोटं रक्ताळली. बर्नर नुसता खोकत होता. जितू ताट मांडीवर घेऊन बसला होता. हाक आली तसा उठला. "राहू दे गा. येऊन खातो. माझ्या चार ठेवजो," म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर पाव तासानं बर्नर पेटला. नत्थूनं चार रोट्या केल्या, कापडात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बातमी आली. तोवर त्या दगडासारख्या झाल्या होत्या. त्यानं त्या बर्फात पुरल्या.

सुट्टीवर आल्यावर तो जितूच्या आईला, तुळसाबाईला, भेटायला गेला. तिनं गोळी कुठं लागली विचारलं नाही, शेवटचं काय बोलला विचारलं नाही. एकच विचारलं. "जेवून गेला होता का गा?"

नत्थू म्हणाला, "हो माय. चार खाल्ल्या."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कळमन्याला जातो. तिचा बल्ब बदलतो, दवाखान्यात नेतो, तिच्या हातचा चहा पितो. लेकानं करावं ते सगळं करतो. फक्त ते एक 'हो' घशात अडकलेल्या काट्यासारखं तिथंच आहे. तेवढं त्यानं रोशनीलाही सांगितलं नाही.

चर्चासत्राच्या दोन दिवस आधी रोशनी नाचतच स्वयंपाकघरात आली. "काका, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे! रविवारी मी कळमन्याला गेले होते. तुळसाआजींना भेटले. त्या येणार आहेत परवा! पहिल्या रांगेत बसवणार त्यांना."

तव्यावरची रोटी करपली. नत्थूच्या हातून रोटी करपलेली त्या खानावळीत कुणी पाहिली नव्हती.

"तुझ्या त्या निबंधात," तो हळूच म्हणाला, "थे बर्नरचं आहे का?"

"तेच तर मुख्य आहे ना काका. बाहेरचं वास्तव हे, की तो उपाशी गेला. तुमच्या आतलं वास्तव हे, की तो येऊन जेवला. त्या दोघांच्या मधल्या फटीतून..." बोलता बोलता रोशनीचा चेहरा उतरला. पोरगी हुशार, पण हुशार माणसांना कधी कधी सगळ्यात साधी गोष्ट सगळ्यात शेवटी कळते. "आजींना... ते माहीत नाही?"

नत्थूनं नकारार्थी मान हलवली.

"मी तो भाग काढून टाकते. आत्ता काढते." तिचे डोळे भरून आले. "मग निबंधात काही उरणारच नाही, पण नाही उरलं तर नाही."

"तू काहून रडून राहिली वं? खोटं मी बोललो, का तू?" नत्थूनं करपलेली रोटी बाजूला टाकली आणि नवा गोळा हातात घेतला. "काही काढू नको. एका बुढीशी खोटं बोलाले सव्वीस वर्षं पुरले. उद्या जातो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कळमन्याला गेला. वाटेत मेट्रोत त्यानं काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. ज्या माणसाला यमक चुटकीसरशी सुचतं, त्याला एक सरळ वाक्य सुचेना.

तुळसाबाई दाराशी ऊन खात बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, कणखर. तिची हयात कळमन्याच्या बाजारात लाल मिरच्यांचे देठ खुडण्यात गेली. बोटं इतकी भाजून निघालेली, की चुलीवरचा गरम गंजही ती फडक्याविना उतरवते. जितू गेल्यावरही ती कामाला जातच राहिली. मिळणारी पेन्शन तिनं नातवंडांच्या, म्हणजे मुलीच्या मुलांच्या, शिक्षणाला लावली.

"आज कोणता रविवार गा?" ती म्हणाली. "बस. भाकरी टाकतो तुझ्यासाठी."

"माय, आधी आयक. मंग टाकायची तं टाकजो."

आणि त्यानं सांगितलं. बर्नर, पिन, ताट, 'चार ठेवजो'. मान वर न करता सांगितलं, शिपायानं साहेबापुढं कसूर कबूल करावी तसं. "तू इचारलं तवा मी हो म्हटलं. खोटं होतं थे. थो उपाशी गेला, माय. माझ्या हातानं उपाशी गेला."

समोरून एक टेम्पो गेला, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नत्थूला वाटलं, आता तुळसाबाई उठून आत जाईल आणि दार लावून घेईल. तेवढी शिक्षा त्यानं मनात कबूल करून ठेवली होती.

"थो गेला थो कोणता दिवस होता?" तिनं विचारलं.

"तुले तं माहीत आहे माय. सकाळी बातमी आली थो मिरगाचा दुसरा दिवस."

"हो. मिरगाचा दुसरा दिवस." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "त्या दिवशी बाजार बंद होता. मी घरीच होती. दुपारी मले भूक लागली, नत्थू. मी दीड भाकरीची बाई. पण अशी भूक, अशी भूक, की हातपाय कापून राह्यले. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. ठेचा अन् भाकरी. चार खाल्ल्या मी. चार! पोरगी म्हणे माय, तुले का झालं वं? मंग चौथ्या दिवशी फौजेचे लोक आले. दिवस सांगतला त्याइनं, येळ सांगतली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तवापासून मले लाज वाटते गा. लेक तिकडे मरून पडला, अन् माय इकडे चार भाकरी खाऊन राहिली. कोणाले सांगतलं नाई. एकाच्यावर भाकरी घशाखाली उतरत नाई तवापासून. तुले इचारलं थे काहून इचारलं? मले वाटलं, थो जेवून गेला असन तं मी खाल्ली थे भूक माझीच. हावरटपणाच माझा. तू हो म्हटलं, अन् मी समजून गेली, की मीच थे हावरट."

सव्वीस वर्षं तो ज्या उत्तराला दया समजत होता, त्यानं या बाईला दर दिवशी एका भाकरीवर ठेवलं होतं.

"माय, मी..."

"आता तू म्हणते थो उपाशी गेला." तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रडत होती, पण चेहऱ्यावर असं काही होतं, जे नत्थूनं तिथं कधी पाहिलं नव्हतं. "मंग थे भूक माझी नव्हतीच ना गा! चार कोण खाये आमच्या घरी? जितूच खाये. लेकरू एवढ्या दूरून माझ्याकडेच आलं जेवाले. आणखी कोणाकडे जाईन थो?"

नत्थू रडला. चांगला मोठ्यानं रडला. मिशीची, वयाची, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. तुळसाबाईनं त्याला रडू दिलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

"पुरे. चाल आत. मिरच्या भाज, मी पीठ घेतो."

त्या दुपारी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. नत्थूनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चर्चासत्रात रोशनीनं निबंध वाचला तो एकही शब्द न गाळता. पहिल्या रांगेत तुळसाबाई हिरव्या लुगड्यात, हातातली कापडी पिशवी मांडीवर ठेवून बसली होती आणि तिच्या बाजूला नत्थू, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. निबंध वाचून झाल्यावर मागच्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. म्हणाले, मांडणी उत्तम आहे, पण शेवटी प्रश्न उरतोच. बाहेरचं वास्तव एक सांगतं आणि कवीचं आतलं वास्तव दुसरं. तर आपण खरं काय मानायचं?

रोशनीनं कागद चाळले. परदेशी नावं तिथंच होती, पण तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली.

तुळसाबाई उठून उभी राहिली होती. माइक तिच्यापर्यंत पोचला नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. बाजारात सारी हयात काढलेल्या बाईचा आवाज.

"जेवला थो," ती म्हणाली. "मी माय आहे त्याची. चार भाकरी खाल्ल्या. ठेचा होता संग. याच्या बर्नरनं दगा देला म्हणून माझ्याकडे आला. लिहून घे, पोरी."

सभागृहात कुणी हसलं नाही. प्राध्यापक खाली बसले. रोशनीनं खरोखरच पेन काढलं आणि निबंधाच्या शेवटच्या पानावर ते लिहून घेतलं.

संध्याकाळी नत्थू कामावर हजर होता. सत्तर पोरींना चर्चासत्रं असोत नसोत, भूक लागतेच. कणीक मळताना तो गुणगुणत होता. शेवटी भाजलेल्या चार रोट्या त्यानं नेहमीसारख्या कापडात गुंडाळल्या आणि डब्यात ठेवल्या. हाताशी असलेल्या बाईनं विचारलं, "आता कायले ठेवता भाऊ?" त्यानं हसून डब्याचं झाकण लावलं.

मिहानची बस उशिरा सुटल्यानं सव्वाआठला कशीबशी नूपुर आली. पर्स खांद्यावर, केस विस्कटलेले, चेहरा उपाशी. तोवर सगळ्या वसतिगृहाला जितू कोण ते कळलं होतं आणि तिलाही कुणीतरी जिन्यातच सांगितलं होतं. नत्थूनं डबा पुढं केला तशी ती जागच्या जागी थांबली. हात पुढं करावा की नाही, तिला कळेना.

"काका, या तर जितूकाकांच्या ना?"

नत्थूनं कापड उलगडलं. रोट्या अजून गरम होत्या.

"जितू जेवला वं पोरी," तो म्हणाला. "खा तू."